रगतवाल्या बाईची दवंडी

चहा उतू जात होता आणि हॉटेलात कोणीच नव्हतं.

सुरुवात इथूनच करते, कारण काहीतरी बिनसलंय हे मला पहिल्यांदा कळलं ते तिथंच. कन्हानच्या पलीकडचं ते गाव. फाट्यावर पत्र्याचं हॉटेल, चुलीवर चहाचं पातेलं, आमच्याकडं त्याला गंज म्हणतात, त्यातून चहा फसफसत निखाऱ्यांवर पडतोय आणि हॉटेलवाला गायब! आता तुम्हीच सांगा, हॉटेलवाला कधी चहा उतू जाऊ देतो का? बायकोला रुसून माहेरी जाऊ देईल, पण चहाला गंजाबाहेर जाऊ देणार नाही.

माझ्या शेजारी दिल्लीचे साहेब उभे होते. ते म्हणाले, आधी चूल विझवा. मी इतकी भांबावले, की तो उरलेला चहाच चुलीत ओतला.

आता हे साहेब कोण आणि मी त्यांना घेऊन तिथं काय करत होते, ते सांगायला हवं. हसायचं असेल तर शेवटी हसा. मधे हसलात की माझी लिंक तुटते.

मी तेव्हा नुकतीच एम.एस्सी. झाले होते. नागपुरातल्या एका डॉक्टर मॅडमना सरकारकडून संशोधनासाठी अनुदान मिळालं होतं. विषय होता खेड्यातल्या बायांचा रक्तक्षय. माझं काम एवढंच, की गावात जायचं, बायांच्या बोटातून थेंबभर रक्त घ्यायचं, लोहाच्या गोळ्या द्यायच्या आणि काही महिन्यांनी पुन्हा तपासायचं. काम सोपं होतं, माणूस चुकीचं निवडलं होतं. मला रक्त बघवत नाही! पहिल्याच दिवशी गिरजाबाई नावाच्या बाईच्या बोटाला सुई टोचली आणि चक्कर येऊन मीच तिच्या ओट्यावर बसले. तिनं एका हाताचं बोट चोखत दुसऱ्या हातानं मला पाणी पाजलं. तेव्हापासून अख्ख्या गावात माझं नाव पडलं, ‘रगतवाली बाई’.

काय दिवस होते ते! सकाळच्या थंडीत एस.टी.च्या मागच्या बाकावर बसायचं, मांडीवर काचेच्या नळ्यांची पेटी तान्ह्या बाळासारखी धरायची. गाडी खड्ड्यात गेली की आधी मी किंचाळायचे, मग पेटी उघडून बघायचे. परत येताना कोणी पदरात बोरं टाकायचं, कोणी हरभऱ्याचे घाटे. आता भिलाईच्या क्वार्टरमध्ये बसून लिहिताना त्या पेटीतल्या स्पिरिटचा वास येतो आणि उगाच भूक लागते.

आणि अनुदान? ते दिल्लीहून यायचं. म्हणजे, यायचं आहे असं सगळे म्हणायचे. तोवर मॅडम कापूस आणि स्पिरिट स्वतःच्या पर्समधून आणायच्या आणि मी घरी सांगायचे, की पगार निघालाय, फक्त पोचला नाही. माझ्या नेमणुकीच्या कागदावर लिहिलं होतं, ‘अनुदान असेपर्यंत’. आई त्याचा अर्थ ‘लग्न ठरेपर्यंत’ असा लावायची.

पहिलं वर्ष सरत आलं. दुसऱ्या वर्षाचे पैसे द्यायचे की नाही, हे ठरवायला दिल्लीहून साहेब येणार असं कळलं. कुठल्याशा दुसऱ्या प्रकल्पात म्हणे लोकांनी झाडाखाली बसूनच अख्ख्या गावाचं रक्त ‘तपासलं’ होतं. तेव्हापासून हे साहेब कागद बाजूला ठेवायचे आणि माणसं बघायला मागायचे. माणसं दिसली तर पैसे, नाहीतर गाशा गुंडाळा. गोळ्यांनी आत्ताशी कुठं बायांच्या ओठांवर रंग यायला लागला होता. पैसे थांबले तर गोळ्या थांबणार, मी घरी बसणार आणि आईनं पाहून ठेवलेलं कामठीचं स्थळ पक्कं होणार. नेमक्या त्याच दिवशी मॅडमना परीक्षा घ्यायला जायचं होतं. त्या मला म्हणाल्या, घाबरू नकोस, फक्त गाव दाखव.

मला ‘घाबरू नकोस’ म्हटलं की काय होतं, ते माझ्या घरच्यांना विचारा. मी तयारीला लागते!

गाव तर भल्या पहाटे वावरात जातं. साहेब येतील आणि घरं रिकामी! म्हणून आदल्या दिवशी मी कोतवालाला गाठलं आणि दवंडी द्यायला लावली. उद्या दिल्लीचे साहेब येणार आहेत, तपासणी आहे, सगळ्यांनी घरीच राहायचं, वावरात कोणी जायचं नाही. कोतवाल माझ्याकडे बघतच राहिला. गड्यांनी, म्हणजे पुरुषांनी पण थांबायचं का, असं त्यानं विचारलं. खरं तर गड्यांचा आमच्या अभ्यासाशी काही संबंध नव्हता. पण मला गाव भरलेलं दिसायला हवं होतं ना! मी ठणकावून सांगितलं, गड्यांनी तर नक्कीच थांबायचं.

मग वाहन. साहेबांना एस.टी.त कसं कोंबणार? ओळखीपाळखी काढून मी आरोग्य खात्याची एक जीप मिळवली. पुढून मागून लाल त्रिकोण, बाजूला दोन मुलांचं हसरं कुटुंब. मला तर ती फार रुबाबदार वाटली.

आणि शेवटची हुशारी. वर्षभर सुया टोचून घेतल्या बिचाऱ्यांनी, हातात काही नको का ठेवायला? सीताबर्डीवर जाऊन मी प्लॅस्टिकच्या रंगीत बादल्या घेतल्या. जीपमध्ये त्या मावेनात, म्हणून एक साहेबांच्या मांडीवर दिली. त्यांनी ती स्टेशनपासून कन्हानच्या पुलापलीकडं निमूटपणे धरून ठेवली. तेवढ्यावरून तरी मला कळायला हवं होतं, की माणूस भला आहे.

तर, तो चहा मी चुलीत ओतला आणि आम्ही गावात शिरलो.

चावडी रिकामी. पारावर तंबाखूची डबी उघडी, चुना मळायचा राहिलेला. शाळेत पाट्या पडलेल्या, मुलं नाहीत, गुरुजीही नाहीत. एका दाराआड काहीतरी हललं. मी आनंदानं धावले, तर आतून बकरी निघाली. मी अशी ओरडले, की बकरीसुद्धा पळून गेली. आता गावात जिवंत म्हणावं तर आम्ही तिघं, मी, साहेब आणि जीपचा ड्रायव्हर कवडूजी.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग अगदी अदबीनं हिंदीत विचारलं, की इथं लोक राहतात ना? झाडाखालचं ते संशोधन त्यांच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसत होतं.

मी काहीतरी उत्तर द्यायला वळले आणि थबकले. साहेब जीपला टेकून उभे होते. डोक्यामागं कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण, हातात अजूनही ती बादली. आणि अंगात पांढरा कोट, कारण धूळ लागू नये म्हणून मीच तो त्यांना घालायला दिला होता!

आणीबाणीतल्या सक्तीच्या नसबंदीचे ते दिवस सरून फार काळ झाला नव्हता. तेव्हा गावोगाव जीपच यायची. शिबिराआधी दवंडीच व्हायची. आणि ऑपरेशन करून घेणाऱ्याला काय मिळायचं, ते सांगायला हवं का?  मी कवडूजीकडं पाहिलं.

“मागं बी हीच गाडी आणली होती मी या गावात,” तो शांतपणे म्हणाला. “तवा बी असंच सामसूम झालतं. बकेटा तशाच वापस नेल्या.”

“मग मला सांगितलं का नाही?”

“मले वाटलं, तुमाले मालूम असंन. तुमी तं गड्याइले बी थांबवलं म्हणे.”

साहेबांना मी कशीबशी सारी हकिकत सांगितली. त्यांनी ऐकून घेतली, पण चेहरा हलला नाही. असल्या हकिकती त्यांनी पुष्कळ ऐकल्या असणार. ते म्हणाले, गाव राहू द्या. या गावात तुम्हाला ओळखणारं एक माणूस मला दाखवा, मी दिल्लीला तेवढंच लिहीन.

एक माणूस! मी धावतच सुटले. दारोदार कड्या वाजवल्या. मी आहे, घाबरू नका, ऑपरेशनवाले नाही, असं ओरडत सगळी आळी पालथी घातली. ऑपरेशन हा शब्द गावभर घुमला, यापलीकडं काही झालं नाही. साहेब माझ्या मागं चालत होते, हातात बादली तशीच. शेवटी गिरजाबाईचं घर आलं. दाराला कुलूप. जीव एकवटून हाक मारली. “गिरजाबाई!”

काहीच नाही. पुन्हा मारली. आवाज फाटून रडल्यासारखा निघाला.

तेव्हा घराशेजारच्या गुरांच्या कोठ्यात चाऱ्याच्या कुटाराचा ढीग हलला. आतून दबलेला आवाज आला, आणि माझ्या मागं उभ्या साहेबांनी तो शब्दन् शब्द ऐकला.

“रगतवाल्या ताई, वरडू नका ना वं. तो दिल्लीचा आपरेशनवाला तुमच्या मागंच उभा आहे. तुमचं तं अजून लगन बी नाही झालं. या लवकर अंदर, तुमच्यासाठी जागा धरून ठेवली आहे.”