तव्यावरची पहिली भाकरी

स्वयंपाकघरातून खलबत्त्याचा आवाज येतो आहे. माझा जोडीदार मिरी, जिरं आणि लसूण ठेचतो आहे आणि शेजारच्या शेगडीवर वेल्ह्याहून आलेला नवा तांदूळ रटरटतो आहे. एक वास तिखट, नाकातून शिरून थेट डोळ्यांपर्यंत पोचणारा. तो दक्षिणेचा, तिरुनेलवेलीच्या बाजूच्या त्या घरातला, जिथे माझ्या सासूबाई रोज रस्सम करतात. दुसरा वास मऊ, किंचित गोडसर, तापल्या दुधावर साय धरताना येतो तसा. तो आपल्या मावळातला. पुण्यातल्या आमच्या दोन खोल्यांत हे दोन वास एकमेकांत मिसळले की मला दर वेळी वेल्ह्यापुढच्या पासली गावाच्या वरच्या अंगाला असलेलं एक घर आठवतं, त्या घरातली चूल आठवते, आणि चुलीपुढे पदर खोचून बसलेल्या काकू आठवतात.

आम्ही दोघं खाण्यासाठी भटकतो. हे सांगायला मला अजिबात संकोच वाटत नाही. लोक देवासाठी भटकतात, गडांसाठी भटकतात, फोटोंसाठी तर हल्ली सगळेच भटकतात. आम्ही कुणाच्या घरी आज काय शिजलं आहे ते बघायला निघतो. सासरी गेलो की त्याच्या आत्या-मावश्यांकडे केळीच्या पानांवर जेवत हिंडतो, आणि इकडे असलो की भोरमधलं माझं माहेर हा आमचा तळ. तिथून गाडी काढायची आणि ओळखीपाळखीचं एखादं घर गाठायचं. तुम्हीही वासामागे वाट वाकडी करणाऱ्यांपैकी असाल, तर घरच्या चुलीवरच्या कालवणाची सर कशाला येत नाही हे तुम्हाला सांगायला नको. ‘घरगुती जेवण’ अशी पाटी दिसली की मी गाडी थांबवू देत नाही. घर असेल तर पाटी कशाला, असं माझं म्हणणं. पाटीवाल्याचं घर त्याच पाटीवर चालतं, असं त्याचं. हा वाद आम्ही नसरापूरच्या फाट्यापासून वेल्ह्यापर्यंत कितीदा घातला असेल! माझा जोडीदार मराठी शिकला तोही या गावांच्या ओट्यांवर, त्यामुळे त्याची मराठी पुस्तकी नाही. पुण्यातल्या बँकेतल्या साहेबांनासुद्धा तो निर्धास्तपणे ‘व्हय’ म्हणतो.

मी मात्र पत्रकांवर वाढले. वडील आयुष्यभर चळवळीत, आणि वाटून उरलेली पत्रकं घरात. फडताळात खाली तीच अंथरलेली, पाठकोऱ्या बाजूवर माझी गणितं, आणि अक्षरओळखही त्यांच्यावरच. इतर मुलं ‘कमळ’ आणि ‘बदक’ वाचत होती, तेव्हा मी ‘जाहीर निषेध’ वाचत होते. आमचं घर बौद्ध. माझ्या पणजोबांना याच मुलखात पंगतीच्या बाहेर, गोठ्याच्या कडेला बसवून वरून वाढलं जायचं, हे मी गोष्ट म्हणून नाही, हिशेब म्हणून ऐकलं आहे. त्यामुळे पंगत हा शब्द माझ्यासाठी कधीच साधा नव्हता. कोण आत, कोण बाहेर, कोण आधी, कोण मागून, हे ताट वाढायच्या आधी माझे डोळे बघून घेतात. ती सवय मला मोडायचीही नाही. लग्नानंतर आम्ही भटकायला लागलो तेव्हा मी एक नियम केला आणि जोडीदाराने तो मनापासून मान्य केला: जिने रांधलं ती आपल्याबरोबर ताटावर बसल्याशिवाय आपण घास घ्यायचा नाही. बहुतेक घरांत आधी हसणं व्हायचं, थोडी ओढाताण व्हायची आणि मग एक ताट वाढायचं. आमचा नियम अडला तो काकूंच्या घरी.

काका म्हणजे वडिलांचे चळवळीतले सोबती. जात वेगळी, मोर्चा एक. पावट्याचे दिवस होते. काकूंनी पावट्याची आमटी केली होती, तांदळाच्या भाकऱ्या, आणि पाट्यावर वाटलेला मिरचीचा ठेचा. माजघरात चार ताटं मांडलेली: काकांचं, काकांच्या वडिलांचं म्हणजे आबांचं, आणि आमची दोन.

“काकू, तुमचं ताट?” मी विचारलं.

“माझं व्हईल मागनं. घ्या तुमी, निवतंय.”

“तुम्ही बसल्याशिवाय आम्ही नाही घेणार.”

“आन् तुमी उठल्याबिगर मी न्हाई.”

मी हात मांडीवर ठेवून बसले. जोडीदारानेही ठेवले. काकू चुलीपाशी हात बांधून उभ्या. आमटीवर साय धरायला लागली. शेवटी आबा कळवळले, “आरं, कुनीतरी खावा रं! माझी भाकर वातड झाली.”

मी काकांकडे वळले. “काका, समतेची पत्रकं तुम्हीच वाटलीत ना?”

“वाटली की,” काका म्हणाले. “सगळी वाटली. घरात एकबी उरली न्हाई.”

सगळे हसले, काकूसुद्धा. पण जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, “ह्ये बायामानसांचं न्हाई, पोरी. रांधणाऱ्याचं हाय. रांधणाऱ्यानं आधी जेवू न्हाई, हाताची बरकत जाती. माझ्या सासूबाईंनी मरंस्तवर पाळलंय.” आणि मग, माझ्या ताटात तव्यावरची टम्म फुगलेली भाकरी टाकता टाकता, अगदी सहज म्हणाल्या, “गरम भाकर कशी लागती, ते तेवढं मला इचारू नगं. सवय न्हाई.”

इतकी वर्षं, सकाळ-संध्याकाळ, या घरातली प्रत्येक भाकरी ज्यांच्या हातावर फिरली, त्यांना ती गरम कशी लागते हे माहीत नव्हतं. आणि आम्ही न जेवता उठलो असतो, तर त्यांच्या रांधण्याचा अपमान आम्हीच केला असता. आम्ही जेवलो. आमटी अप्रतिम होती, आणि ती अप्रतिम असल्याचा मला राग येत होता.

परतताना कामथडीला चहासाठी थांबलो. मी तावातावाने बोलत होते. सासू, बरकत, परंपरा, सगळ्यांना कपाबशीत बुडवत होते. जोडीदार मात्र वेगळ्याच नादात होता. त्याला काकूंच्या फडताळात हुलगे दिसले होते. “हे आमचं कोळ्ळू,” असं म्हणत त्याने बरणीत हात घातला होता, आणि हुलग्याचं कढण करतात हे काकूंकडून ऐकून त्याचा चेहरा उजळला होता, कारण त्याची आई त्याच कढणाचं रस्सम करते. हजार मैलांवरच्या दोन बायका, एकमेकींची भाषा न कळणाऱ्या, एकच दाणा शिजवून त्याचं पाणी जपून ठेवतात, याचं त्याला कौतुक संपत नव्हतं. मी थकून गप्प झाले तेव्हा तो म्हणाला, “काकू काय म्हणाल्या? रांधणाऱ्याचं हाय. मग रांधणारा बदलू की.”

माघातल्या एका रविवारी आम्ही परत गेलो. भोरच्या घरून आईच्या परसातला कढीपत्ता घेतला, पिशवीत सासूबाईंनी पाठवलेली चिंच आणि मिरी. बेत ठरलेला: हुलग्याचं रस्सम आणि चिंचेचा भात, मोकळा, दाणा न् दाणा सुटा. काकूंना ओट्यावर बसवलं आणि मी उंबऱ्यात उभी राहिले, पहाऱ्यावर. आज आत यायचं नाही, मदत करायची नाही, विस्तवसुद्धा सारायचा नाही. काकूंना वाटलं गंमत आहे. मग चुलीतून धूर यायला लागला आणि त्या अस्वस्थ झाल्या.

“नवं तांदूळ हाय, बाय. पानी बेतानं.”

“माहीत आहे त्याला, काकू. त्याच्या घरी भाताचीच शेती आहे.”

आणि त्याला खरंच माहीत होतं. त्याने पाणी अगदी नेमकं घातलं होतं. पण तो खलबत्ता शोधायला परसात गेला तेव्हा मी, पहाऱ्यावरून आत शिरून, पाणी विसरला की काय म्हणून तितकंच पाणी आणखी ओतलं. आमच्या घरी कामं वाटून घेतलेली आहेत आणि भाताचं पाणी माझ्याकडे असतं. आपलं काम चोख करावं ही शिकवण माझ्यात इतकी मुरलेली, की परक्या चुलीवरही मी ते करून टाकलं. झाकण काढलं तेव्हा आत चिंचेच्या भाताचा पत्ता नव्हता. होता एक पांढरा, लुसलुशीत, चकाकणारा गोळा. पळीने हलवला तर सगळाच्या सगळा हलायचा.

“खळ झाली व्हय?” ओट्यावरून काकूंचा आवाज आला. “मला वास कळतोय.”

आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि हसू आवरेना. जोडीदाराने चिंच रस्समात लोटली, मिरी वाढवली, वर तुपात तडतडलेला लसूण आणि कढीपत्ता ओतला. रस्समाबरोबर भात असा मऊच लागतो, लहानपणी आई असाच कालवून द्यायची, असं तो ठासून सांगत होता. ते खरं होतं की अब्रू वाचवणं होतं, मी विचारलं नाही.

मग त्याने ताटं मांडली. तीन. आबांचं, काकांचं आणि मधोमध काकूंचं. स्वतः हातात तांब्या आणि पळी घेऊन उभा राहिला, त्याच्या गावाकडे लग्नात वाढपी उभे राहतात तसा.

“काकू, रांधलं आमी. आमी जेवनार मागनं. बसा तुमी.”

काकूंचा चेहरा मी विसरणार नाही. स्वतःच्याच नियमाने त्या पकडल्या गेल्या होत्या. त्यांनी पदर पुढे ओढला, सासऱ्यांकडे बघितलं, परत मागे सरकल्या. सासऱ्यांच्या पंगतीला बसायचं? पत्रकं वाटणारे काका मान खाली घालून ताटाकडे बघत राहिले. मला ओरडावंसं वाटत होतं, पण जोडीदाराने डोळ्यांनीच मला थांबवलं.

बोलले ते आबा. “बस गं बाय. तू बसल्याबिगर ह्यो मद्राशी जावई पळी खाली करत न्हाई, आन् मला लागलीया भूक.”

काकू बसल्या. आधी ताटाच्या जरा लांब, मग सरकून जवळ. भाताच्या त्या गोळ्यात जोडीदाराने खळगा केला, त्यात वाफाळतं रस्सम ओतलं. काकूंनी कालवलं, बोटं भाजली तशी झटकली आणि पहिला घास घेतला. तो सावकाश चावून गिळला. मग म्हणाल्या, “मिरी लई घातलीया. भात बिघडिवलाय.” आणि थोडं थांबून, “पर गरम हाय.” त्यांनी आणखी भात मागून घेतला.

तुम्हाला वाटेल, त्या दिवसापासून ते घर बदललं. पत्रकात तसंच लिहितात. शेवटच्या ओळीत विजय निश्चित असतो. पुढच्या खेपेला गेलो तर काकू आपल्या चुलीपाशी उभ्या, ताटं मांडलेली, आणि “माझं व्हईल मागनं.” मी संतापले. जोडीदार म्हणाला, “त्यांनी त्यांचा नियम पाळला, आपन आपला पाळू. आपन चुलीपाशीच बसू, म्हंजे त्या आपल्याबरोबर बसल्याच की.” तेव्हापासून माजघर सोडून आम्ही स्वयंपाकघरात बसतो, धुरात, काकूंच्या काठवटीशेजारी. आबांनाही आता उठबस होत नाही, म्हणून तेही तिथेच भिंतीला टेकून बसतात, आणि त्यांच्या मागोमाग काकाही येतात. नियम काही मी सोडलेला नाही. सोडणारही नाही. पण नियम मांडायला पत्रक लागतं आणि मुरायला चुलीची ऊब लागते, एवढं मला या घराने शिकवलं.

गेल्या आठवड्यात तांदूळ आणायला गेलो होतो. काकूंनी पहिली भाकरी थापली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली आणि निखाऱ्याला लावली. ती अशी फुगली की चंद्रच. सवयीने त्यांनी ती आबांच्या ताटात टाकली. आबांनी ती उचलून परत काठवटीच्या कडेला ठेवली. “माझ्या हिरड्यास्नी गरम सोसत न्हाई आता. तू खा.”

काकूंनी आमच्याकडे बघितलं नाही. दुसरी भाकरी तव्यावर टाकली, आणि मग पहिलीचा तुकडा मोडला. वाफ बाहेर आली. ठेचा लावला, फुंकर घातली, तोंडात टाकला. मग दुसरा तुकडा. मग तिसरा. हात थापायला परत पिठात गेला तोपर्यंत अख्खी भाकरी संपली होती.

“काकू,” मी अगदी हळू विचारलं, “हाताची बरकत?”

“आजून रांधतीयाच की मी. जेवले कुठं? चव बघितली.”

“भाकरीची चव कवापास्नं बघाय लागली गं तू?” आबा म्हणाले.

“आजपास्नं,” काकू म्हणाल्या आणि तव्यावरची भाकरी उलटली.

घराघरांतल्या बायकांच्या अशा किती भाकऱ्या निवून गेल्या असतील, ते आता कुणी मोजू शकणार नाही. गेलेली वाफ परत येत नाही. पण कुणाचाही नियम न मोडता, कुणाच्याही विजयाची घोषणा न होता, एका चुलीपाशी एक जुनी गोष्ट पिठासारखी जरा सैल झाली, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. बदल येतो तेव्हा तो मोर्चाच्या आवाजात येतो असं मला लहानपणापासून वाटायचं. कधी कधी तो भाकरीवर फुंकर घालण्याइतक्याच आवाजात येतो. दोन्ही आवाज मला हवे आहेत.

आतला खलबत्ता थांबला आहे. भाताचं पाणी आज मी घातलेलं नाही, त्याला विचारून खात्री करून घेतली आहे. पळी भांड्यावर आपटल्याचा आवाज येतो आहे, म्हणजे जोडीदार रस्सम चाखतो आहे, एकदा, आणि पुन्हा एकदा. “काय चाललंय?” मी इथूनच विचारते.

“काय न्हाई,” तो म्हणतो. “चव बघतोय.”