मफिन, मफलर आणि गोदूताई

एखाद्या घरात रिकामे डबे कसे साठतात, तसे आमच्या मंडळात किस्से साठले. कोणी मुद्दाम साठवले नाहीत. टाकवत नाहीत म्हणून राहिले, एवढंच. मंडळ म्हणजे तरी काय, पनवेलच्या लाइन आळीत दुपारी जेवणं उरकल्यावर जमणाऱ्या आम्ही चारदोन बायका. त्यातल्या रोजच्या तिघी: कुसुमताई प्रधान, गोदूताई आणि मी. हल्ली बेकरीत काचेमागे मांडलेले मफिन बघितले की मला त्या दुपारी आठवतात आणि एकटीलाच हसू येतं. शेजारी उभी असलेली माणसं मग जरा लांब सरकतात.

हा पदार्थ आमच्या आळीत आणला कुसुमताईंनी. त्यांचं माहेर गिरगावातलं. तिथे शेजारच्या ख्रिश्चन बाईंकडून त्या शिकल्या होत्या. लग्न होऊन पनवेलला आल्या तेव्हा त्यांच्या सामानात सहा खळग्यांचा एक पत्र्याचा ट्रे होता. ओव्हन नव्हताच. गाढी नदीची वाळू चाळून, धुऊन, वाळवून त्या मोठ्या पातेल्यात घालायच्या, त्यात ट्रे ठेवायचा, वर झाकण आणि झाकणावर निखारे. घरभर असा वास सुटायचा की पलीकडच्या घरातली भांडणं थांबायची.

*

‘मफिन’ हा शब्द मात्र आमच्या आळीला नवीन होता.

एकदा सकाळी मी आमच्या ह्यांना सांगितलं, “शाळेतून येताना कुसुमताईंकडून मफिन घेऊन या. त्यांनी काढून ठेवलेत.” हे हायस्कुलात संस्कृत शिकवायचे. डोक्यात सदैव समास. संध्याकाळी तिकडे गेले तर कुसुमताई देवळात गेलेल्या. दारात प्रधानसाहेब. ह्यांनी जे काही ऐकलं होतं ते सांगितलं. प्रधानसाहेब आत गेले आणि स्वतःचा लोकरीचा मफलर घेऊन आले.

“घसा बसलाय का?” त्यांनी काळजीने विचारलं.

आता नाही म्हणायचं कसं? हे म्हणाले, “हो, थोडासा.”

ऑक्टोबरचा उकाडा. रस्त्यावर कुत्रीसुद्धा सावली सोडत नव्हती. प्रधानसाहेब काळजीने गॅलरीत उभे राहून बघताहेत, म्हणून ह्यांनी तो मफलर गळ्याला गुंडाळला आणि तसेच घरापर्यंत आले. घामाने निथळत दारात उभे राहून मला म्हणाले, “हे तू खाणार आहेस?”

त्या दिवसापासून आमच्या मंडळात मफिनला कोणी मफिन म्हटलं नाही. “आज मफलर टाकायचेत का?” असंच विचारायचं. बाहेरची एखादी बाई असली की ती आमच्याकडे बघत राहायची.

*

गोदूताईंच्या घरी कडक सोवळं. अंड्याचं नावसुद्धा स्वयंपाकघरात घ्यायचं नाही. पण मफिन तर करून बघायचा होता. मग कुसुमताईंनी त्यांच्यासाठी दह्याचा आणि सोड्याचा प्रकार शोधून काढला आणि आपला ट्रे वापरायला दिला. ट्रे गोदूताईंनी चिंचेने घासला, उन्हात ठेवला, वर गोमूत्र शिंपडलं आणि मगच घरात घेतला.

मफिन झाले. बरे झाले. ट्रे काही परत आला नाही.

एक महिना गेला. कुसुमताई मोठ्या सभ्य बाई, मागणार नाहीत. शेवटी एका दुपारी आम्ही दोघी सहज म्हणून गोदूताईंकडे गेलो. त्या आमटीला फोडणी देत होत्या. चुलीशेजारी कुसुमताईंचा ट्रे. एका खळग्यात मोहरी, एकात जिरं, एकात हळद, एकात तिखट, एकात मेथ्या आणि सहाव्यात हिंग.

गोदूताईंनी पळीतली फोडणी आमटीवर ओतली आणि शांतपणे म्हणाल्या, “केक काय रोज करायचा असतो का? फोडणी रोज असते.”

ट्रे परत मिळाला. पण त्या सहाव्या खळग्यातल्या मफिनला पुढे किती तरी दिवस हिंगाचा वास येत होता. प्रधानसाहेब तोच मागून घ्यायचे. म्हणायचे, “याने पोट हलकं राहतं.”

*

अंडी यायची जवळच्या नेरे गावाहून. हिरूबाई डोक्यावर पाटी घेऊन यायची. पाटीत वर भाजी आणि खाली भाताच्या तुसात अंडी. आळीत शिरताना ती फक्त भाजीचं नाव घेऊन ओरडायची. कोणाच्या घरी काय चालतं आणि काय चालत नाही, हे तिला बरोबर ठाऊक.

कुसुमताई एवढी अंडी घेतात आणि घरात माणसं तर दोनच, याचं तिला कोडं पडलं होतं. एकदा तिने विचारलंच, “ताय, तुमी एवड्या अंड्यांचं करता तरी काय?”

कुसुमताईंनी तिला ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि बशीत एक गरम मफिन. हिरूबाईने तो हातात घेतला, फिरवून खालून बघितला, मग दोन तुकडे करून आत बघितलं. खाल्ला. आम्ही दोघी तिच्या तोंडाकडे बघतोय.

“ग्वाड हाय,” ती म्हणाली. मग थोडा वेळ विचार करून, “पन माजं अंडं कुटं गेलं?”

*

पुढे मंडळाचा उत्साह वाढला. हळदीकुंकवाला पन्नासेक मफिन करायचं ठरलं. वाळूच्या पातेल्यात ते कुठले होणार? मग इब्राहिमचाचांना विचारलं. त्यांची बेकरी बाजारात होती. पाव, बटर, नानकटाई आणि कपकेक. त्या वेळचा त्यांचा कपकेक म्हणजे अस्सल लोण्याचा, पिवळाधमक आणि एवढा वजनदार की एक खाल्ला की रात्रीच्या जेवणाला भाताचं भांडं लहान लावावं लागे. त्याला कागद नसे. तुपाचा हात लावलेल्या पत्र्याच्या वाटीतून थेट गिऱ्हाइकाच्या हातात.

चाचा म्हणाले, “सकाळचा पाव निघाला की भट्टी तुमची. आणा बेशक.”

आम्ही सगळं कालवून नेऊन दिलं. चाचांनी स्वतः भाजलं आणि मफिन फळीवर गार करायला ठेवले. इकडे एसटी स्टँडवरच्या चहावाल्याचा माणूस रोजचा माल न्यायला आला. चाचा तेव्हा नमाजाला गेले होते. त्याने फळीवरचं सगळं उचललं आणि गेला.

आम्ही संध्याकाळी जरीच्या साड्या नेसून बेकरीत गेलो, तर फळी मोकळी. आमचे मफिन पुण्याच्या गाडीत बसून खंडाळ्याच्या घाटात पोचले होते. चाचा हात जोडून उभे. त्यांनी आपले सगळे कपकेक आमच्या टोपलीत भरले. हळदीकुंकू त्यावर पार पडलं. कुसुमताई हिरमुसल्या होत्या, हे दिसतच होतं.

दुसऱ्या दिवशी चाचांचा निरोप आला. पुण्याच्या गाडीचा कंडक्टर चहावाल्याला सांगून गेला होता, “कालचे होते तसलेच ठेवा.”

झालं. कुसुमताईंची मान जी वर गेली ती दिवाळीपर्यंत खाली आली नाही. कोणी काही बोलायला लागलं की, “आमचे मफिन पुण्याला जातात” हे मध्ये यायचंच. शेवटी एकदा गोदूताई वाती वळता वळता म्हणाल्या, “घाट चढायचा होता ना. भूक लागली असेल बिचाऱ्यांना.”

*

मग चाचांचा मुलगा युसुफ मुंबईच्या एका मोठ्या बेकरीत काम शिकून आला. पनवेलला आगगाडी यायची बोलणी चालली होती, गावात नवीन माणसं दिसायला लागली होती, आणि युसुफला सगळं नवीन हवं होतं. लोण्याच्या जागी वनस्पती तूप आलं. वेलची गेली आणि बाटलीतला इसेन्स आला. वर लाल-हिरवे पपईचे तुकडे आले. आणि खाली आला चुण्यांचा कागद.

हा कागद गोदूताईंच्या यजमानांना, अण्णांना, कोणी समजावून सांगितला नव्हता. युसुफने खास त्यांच्यासारख्या गिऱ्हाइकांसाठी बिनअंड्याचे मफिन काढले होते, हिरव्या कागदातले. अण्णांनी एक आणला आणि झोपाळ्यावर बसून पूर्ण संपवला. गोदूताईंनी विचारलं, “कसा होता?”

“आतला भाग फार मऊ,” अण्णा म्हणाले, “पण बाहेरचं साल जरा चिवट आहे. हिरवं असताना काढत असावेत.”

इसेन्स, कागद इथपर्यंत ठीक होतं. पण मफिन दर वर्षी लहान व्हायला लागला. चाचांच्या वेळचा मुठीत मावत नसे. युसुफचा दोन बोटांत यायला लागला. एकदा कुसुमताईंनी बेकरीत तो तळहातावर ठेवला आणि बराच वेळ बघत राहिल्या.

“काय झालं, ताई?” युसुफने विचारलं.

“काही नाही. याला राहू दे अजून इथेच. मोठा झाला की येऊन घेऊन जाईन.”

युसुफ हसला. म्हणाला, “ताई, जमाना बदलला. लोकांना हलकं पाहिजे.”

कोपऱ्यातल्या खुर्चीवर चाचा बसले होते. आता भट्टीजवळ जात नसत. ते म्हणाले, “जमाना बदलला म्हणतो. जमान्याचे दात पडले काय?”

*

आता हा एक सांगते आणि पुरे करते.

युसुफ मुंबईहून परतला त्याच्या आधीची गोष्ट. गोदूताईंना टायफॉइड झाला. ताप उतरला, पण बाई पार वाळून गेल्या. उठून बसलं तरी डोळ्यांपुढे अंधारी यायची. डॉक्टरांनी सांगितलं, अंडी द्या. गोदूताईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. अण्णांनी विनवलं, डॉक्टर रागावले, काही उपयोग झाला नाही.

एका दुपारी अण्णा कुसुमताईंकडे आले. मी तिथेच होते. अण्णा धोतराचा सोगा हातात धरून उभे. शेवटी म्हणाले, “तुमच्या त्या मफिनमध्ये घालून द्या. दह्याचे आहेत म्हणून सांगू. तिला कळायचं नाही.” आणि डोळे पुसले.

मी लगेच म्हटलं, “द्या की हो.” कुसुमताईंनी वाळूचं पातेलं चढवलं. मफिन झाले.

आम्ही दोघी घेऊन गेलो. गोदूताई खाटेवर पडलेल्या, मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. कुसुमताई खाटेच्या कडेवर बसल्या आणि बशी पुढे केली. एरवी त्या एकमेकींना अहो-जाहो करायच्या. त्या दिवशी म्हणाल्या, “गोदू, यात अंडं आहे. अण्णा म्हणाले सांगू नका. मी सांगतेय. तुला फसवून घालणार नाही. खायचं तर खा, नाही तर परत नेते.”

गोदूताईंनी बशीकडे बघितलं, मग दाराकडे. मग त्या म्हणाल्या, “दार लोटून घे.”

मी दार लोटलं. त्यांनी बशी घेतली.

महिनाभर कुसुमताई रोज दुपारी जात होत्या. दार लोटलं जायचं, उघडलं जायचं. गोदूताई हिंडूफिरू लागल्या. त्या महिन्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत, आम्हीही नाही. पुढे काही वर्षांनी प्रधानसाहेबांची रत्नागिरीला बदली झाली. कुसुमताई गेल्या, त्यांच्याबरोबर ट्रे गेला, आणि आमच्या आळीत वाळूचं पातेलं पुन्हा कधी तापलं नाही. मफिन खायचा तर युसुफचाच.

एकदा गोदूताई आणि मी बाजारात गेलो होतो. टायफॉइडला तेव्हा आठ-दहा वर्षं झाली असतील. गोदूताई पहाटे वडाळे तळ्याला फेरी मारून यायच्या, विहिरीचं पाणी स्वतः ओढायच्या आणि आवाज असा की टपाल नाक्यावर ऐकू जावा. बेकरीत शिरल्याबरोबर युसुफने हिरव्या कागदातले मफिन काढायला सुरुवात केली.

“ते नकोत,” गोदूताई म्हणाल्या. “ते पांढऱ्या कागदातले दे.”

युसुफचा हात थांबला. “मावशी, त्यात अंडं असतं.”

“माहीत आहे. मला डॉक्टरांनी सांगितलंय.”

युसुफ घाबरला. “का, काय झालं? बरं नाही का?”

गोदूताईंनी खांद्यावरचा पदर सारखा केला, माझ्याकडे बिलकूल न बघता.

“टायफॉइड झाला होता,” त्या म्हणाल्या. “अजून थोडा अशक्तपणा आहे.”