कच्चा टाका

म्हैसूरला माझ्या वडिलांचं, अप्पांचं, शिलाईचं दुकान होतं. मी प्रयोगशाळेत मॅग्नेशियमचे स्क्रू खाऱ्या पाण्यात बुडवून ते कसे झिजतात ते पाहायचे. मोडलेलं हाड जुळेपर्यंत धरून ठेवायचं आणि मग शरीरातच विरून जायचं, हे त्या स्क्रूचं काम. आईला मी सांगितलं, ‘कच्चा टाका समज. पक्की शिलाई पडली की आपण तो उसवतो, हा आपोआप निघतो.’ तिला ते इतकं आवडलं की आमच्या सरस्वतीपुरम भागातल्या निम्म्या गिऱ्हाइकांना तिनं ते ऐकवलं.

काम मात्र फसत होतं. हाड जुळायला जेवढे दिवस लागतात त्याच्या कितीतरी आधी माझे स्क्रू बुडबुडे सोडत ठिसूळ व्हायचे. टाका शिलाईआधीच सुटत होता.

मग आई पडली. घोट्यात स्टीलचे स्क्रू बसवले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगायची, ‘मुलीनं केलेत. विरतील आता.’

‘आई, ते स्टीलचे आहेत, माझे नाहीत!’ मी चिडायचे.

‘सुम्मने बस गं,’ म्हणून ती मला गप्प करायची. थंडीत पाय ठणकला की घोटा चोळत स्वतःशीच म्हणायची, ‘विरतायत.’

ती गेली तेव्हा अस्थी वेचायला मी अप्पांबरोबर गेले. राखेत स्क्रू होते, काळे पडलेले, पण अख्खे. अप्पांनी एक उचलला, पंच्याला पुसला आणि डोळ्यांजवळ नेऊन कितीतरी वेळ पाहिला.

‘अजून विरला नाही गं तुझा,’ ते म्हणाले.