कुदिरातल्या काळ्या बाटल्या

पिंपात मुरवलेली काळी बीअर विकत घ्यावी का, आणि घेतली तर वर्षानुवर्षं ठेवावी का, असं कुणी विचारलं की मी त्याला आमच्या कमलाक्षीकाकीकडे पाठवतो. तंजावुरात हे फारसं कुणी विचारत नाही, ते सोडा. इथे विचारतात ते एवढंच, की मुलींच्या शाळेत जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेली एक म्हातारी विधवा राजवाड्यामागच्या गल्लीत बीअर साठवते, याची घरच्यांना लाज कशी वाटत नाही? मी तिचा पुतण्या गिरीश. मला वाटत नाही. ज्यांना वाटते त्यांनी आपली तोंडं आपल्या घरी ठेवावीत.

सुरुवात केली तिच्या नातीनं. हरिता परदेशी शिकायला गेली आणि पहिल्याच सुटीत इंपीरियल स्टाऊट नावाची एक बीअर घेऊन आली. व्हिस्कीच्या रिकाम्या पिंपात वर्षभर ठेवलेली, साध्या बीअरच्या दुप्पट कडक, ताडगुळाच्या पाकासारखी काळी. काकीनं ती कॉफीच्या टंबलरमध्ये ओतली, हुंगली, एक घोट घेतला आणि नाक मुरडलं.

"कच्चं आहे," ती म्हणाली. "नारत्तंगाय पहिल्या वर्षी असंच टोचतं. येत्या खेपेस दोन आण. एक पिऊ, एक मी ठेवते."

नारत्तंगाय म्हणजे लिंबाच्या जातीचं जाड सालीचं फळ. आमच्याकडे ते मिठात घालून, उन्हात सुकवून बरणीत भरतात आणि वर्षानुवर्षं मुरू देतात. जुनं निघालं की पाहुण्याला कौतुकानं वाढतात. पण बीअर उन्हात ठेवायची नसते, हे काकीला पक्कं ठाऊक होतं. तिच्या कोठीत पापनाशमकडच्या शेतावरून आलेलं कुदिर होतं, म्हणजे भात साठवायची पुरुषभर उंच मातीची कणगी. भात यायचा बंद होऊन जमाना झाला. तिनं त्यात वाळू भरली, हरिता दर सुटीत आणायची त्या बाटल्या उभ्या पुरल्या आणि रोज सकाळी वाळूवर पाणी शिंपडायला लागली. बाहेर चित्रैचं, ऐन एप्रिल-मेचं ऊन भाजून काढत असलं तरी आत हात घातला की गार लागायचं.

तीन वर्षांनी त्यातली एक उघडली तेव्हा मी हजर होतो. टोचणं पार गेलं होतं. मनुका, ताडगूळ, करपायच्या आत उतरवलेली कॉफी, आणि मागून हळूच लाकडाचा वास. मी काही पिणाऱ्यातला नव्हे, तरी टंबलर उलटा करून शेवटचा थेंब घेतला. काकीनं निकाल दिला, "एकच घेणार असशील तर पिऊन टाक. दोन घेण्याची ऐपत असेल तरच ठेव. आणि कॉफी घातलेली ठेवू नको, तिचा वास आधी मरतो." याहून शहाणा सल्ला मी अजून ऐकलेला नाही.

या वर्षी मासी महिन्यात, म्हणजे फेब्रुवारीच्या शेवटी, तिच्या छातीत दुखलं. तिरुचीच्या इस्पितळात स्टेंट घातला, दोन-तीन आठवडे तिकडेच मुक्काम पडला. मी सोबत होतो. तिचा मुलगा शिवकुमार चेन्नईहून आला, तो फ्लॅटच्या किल्ल्या घेऊनच.

"अम्मा, पुरे आता. घर विकू, तू माझ्याकडे चल. आणि त्या बाटल्या! दहा वर्षांनी उघडायची म्हणून पुरतेस. या वयात दहा वर्षांचं कोण ठेवतं?"

काकीच्या हाताला सुई होती. तो हात तसाच उचलून ती म्हणाली, "सर्वांत जुनी आहे ती उघडू. बरी निघाली तर पुन्हा चेन्नईचं नाव काढायचं नाहीस. नासली असली तर मी येते. शब्द."

शिवकुमार हसला. तंजावूरच्या उकाड्यात बीअर टिकते, यावर कोण विश्वास ठेवणार? मी मनातल्या मनात त्याची गंमत बघत होतो. मला चव माहीत होती.

घरी परतलो तर गच्चीवर माझी आई, वरलक्ष्मी. घर तिच्यावर सोपवून गेलो होतो. दर पंगुनीत, मार्चचं ऊन तापलं की, ती जावेच्या गच्चीवर नारत्तंगाय सुकवते. तशी परातींची रांग होतीच. शेजारच्या चटईवर काकीच्या सगळ्या बाटल्या मांडलेल्या होत्या, स्वच्छ पुसून, सकाळी वर, संध्याकाळी खाली, इतके दिवस.

"वरलक्ष्मी, हे काय?"

"मुरायला ठेवलंय म्हणाली होतीस न? ओल्या वाळूत कुठं काय मुरतं, अक्का? बुरशी येईल म्हणून ऊन दाखवलं," आई अभिमानानं म्हणाली.

मला रडू यायचं बाकी होतं. मी काकीला बाजूला घेऊन म्हटलं, शिवकुमारला फोन करून पैज मोडू या. तिनं एक बाटली उचलली. ती तव्यासारखी तापली होती. "आणि वरलक्ष्मीचं नाव सांगू? गप बस," ती म्हणाली.

रविवारी शिवकुमार आला. काकीनं सर्वांत जुनी बाटली उघडली, चार टंबलर भरले. स्वतःपुरता तिनं एकच घोट घेतला. डॉक्टरांना विचारलं होतं का, ते मला विचारू नका. शिवकुमार म्हणाला, "अम्मा, हे तर सोया सॉस." खरंच होतं. सोया सॉस, आणि भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास.

"नासलं," काकी म्हणाली.

आईला ते सोसवलं नाही. "मीच उन्हात ठेवल्या रे, शिवा! सर्वच्या सर्व!" ती पदरात तोंड घालून रडू लागली.

शिवकुमार वाईट माणूस नाही, हे कबूल करायला हवं. टंबलर खाली ठेवून तो म्हणाला, "मग ही पैज धरायची नाही. पुढच्या वर्षी नवी बाटली, नवी पैज."

"पैज नको," काकी म्हणाली. "इस्पितळात मज भीती वाटली, म्हणून लावली. माझ्या घरी मी राहते, त्यास परीक्षा कशास? बीअर नासली तर बीअर टाकायची. घर का टाकू?"

"म्हणजे शब्द मोडतेस?"

"मोडते. जन्मात पहिल्यांदा." आणि तिनं तिथल्या तिथे हरिताला फोन लावला. "कन्ना, बाळा, डिसेंबरात येशील तेव्हा दोन आण. होय, एक ठेवायची. दहा वर्षं."

शिवकुमारनं कपाळाला हात लावला. "दहा वर्षांनी कोण पिणार, अम्मा?"

"मी. नसले तर तू पी. पण त्याआधी हात लावशील तर बघ." मग तिनं त्याच्या इस्त्रीच्या पँटकडे पाहिलं. "वाळू कोरडी पडलीये. ऊठ, एक घागर पाणी आण."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं. शेवटी तो उठला, पँट दुमडली आणि नळावर घागर लावली.

"एकीनं होत नाही, दोन लागतात," काकी कोठीतून ओरडली.