मोरीमागची सुकट

भोकरदनच्या आमच्या घरात समुद्र कुणीच पाहिलेला नाही. तो फक्त वडिलांच्या ताटात यायचा, सुकटीच्या रूपानं. आठवडी बाजारातून त्या वाळलेल्या चिमुकल्या कोळंबीची पुडी यायची आणि थेट मोरीमागं जायची, कारण आई माळकरी. तिथं वडिलांची वेगळी चूल, वेगळा तवा, वेगळं ताट. भाजून, खाऊन, खळखळून चूळ भरल्यावरच त्यांना घरात प्रवेश. हे खाणं सुटावं म्हणून आईनं लग्नापासून देवाला साकडं घातलं होतं. देवानं दाद दिली नाही.

ते काम शेवटी मोबाईलनं केलं. जपाननं अणुभट्टीचं पाणी शुद्ध करून समुद्रात सोडलं, ही बातमी खरी होती. वरची फोडणी कुणा रिकामटेकड्यानं व्हिडिओतून दिली होती. पाण्यातली किरणं लहान माशात, लहान मासा मोठ्याच्या पोटात, मोठा माणसाच्या पोटात आणि माणूस थेट दवाखान्यात. वडिलांनी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला आणि सुकटीची पुडी घट्ट बांधून मोरीमागच्या कोनाड्यात ठेवून दिली. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे घरात मला कुणी काही विचारलं नाही.

वडील नुकतेच टायफॉइडमधून उठले होते. तोंडाला चव नव्हती, भाकरी उतरायची ती सुकटीबरोबरच. सुकट सुटली तशी भाकरीही सुटली. चतकोर खाऊन ताट सरकवायचे. सदरा अंगावर लोंबायला लागला. आई जिंकली होती, पण तोंड तिचंच उतरलं होतं. मला त्या व्हिडिओवाल्याचा मनापासून राग आला.

एका सकाळी गच्चीवर गेलो, तर आई एका हातानं नाकाला पदर लावून, दुसऱ्या हातातल्या चिमट्यानं हळदीच्या पाण्यातून काढलेली सुकट कुरडयांसारखी उन्हात पसरत होती. गल्लीतली झाडून सगळी मांजरं कठड्यावर हजर होती.

"आई, काय करून राह्यलीस?"

"किरणं काढून राह्यले. एवढ्या उन्हात राहतेत का ते?"

माळ घातल्यापासून तिनं मासळीकडं नजरही टाकली नव्हती. मला हसू आलं आणि भरूनही आलं. तोवर मांजरांनी निम्मी सुकट पळवली. उरलेली वाळल्यावर आईनं पुन्हा पुडीत बांधून कोनाड्यात ठेवली.

संध्याकाळी मी दोघांना समोर बसवलं. किरणं उन्हानं जात नाहीत, हळदीनं तर नाहीच, हे सांगितलं. जपानच्या पाण्याचं सोडा, जुन्या अणुचाचण्यांचे अंशही अजून समुद्रात आहेत, मासळीतही सापडतात. पण इतके थोडे की हुडकायला यंत्र लागतं, भ्यायचं कारण नाही. वडिलांचा चेहरा जरा उजळला. तिथंच थांबायचं, तर मास्तरकी अंगात आली.

"किरणोत्सर्ग थोडाफार सगळ्यातच असतो," मी म्हणालो. "आपल्या केळ्यातसुद्धा."

दुसऱ्या दिवशीच्या एकादशीसाठी आणलेली केळी समोरच टोपलीत होती. आईनं पायानं टोपली हळूच लांब सरकवली.

"मंग इतके वर्षं उपासाला मी हेच खाऊन राह्यले व्हय? आता उद्या काय खाऊ?"

वडील हसायला लागले. आजारपणानंतर पहिल्यांदाच इतके हसले, की ठसका लागला. डोळे पुसत त्यांनी टोपली परत तिच्यापुढं ओढली.

"तू केळं खा, मी सुकट खातो," ते म्हणाले. "जायचंच असंल तं दोघं बराबर जाऊ."

आई उठून चुलीपाशी गेली आणि पीठ मळायला लागली. वडिलांनी मोरीमागं जाऊन कोनाड्यातली पुडी सोडली. थोड्या वेळानं तो ओळखीचा वास घरभर पसरला. आई नाकाला पदर लावून मागच्या दारात उभी राहिली आणि हात लांब करून तिनं तव्यावरची भाकरी त्यांच्या ताटात टाकली.

"चतकोर न्हाई, सगळी खायची," ती म्हणाली. "अन् चूळ भरल्याबिगर घरात यायचं न्हाई."