बारा शेंगदाण्यांचा पाठ

माझी तर पार गाळण उडाली होती. तिसरीच्या वर्गात मी भागाकाराचा पाठ घेणार होते आणि मागच्या भिंतीला खुर्ची लावून आमच्या अध्यापक विद्यालयाचे सर बसले होते. हा परीक्षेचा पाठ. तो बिघडला की वर्ष गेलं. वडिलांनी आधीच बजावलं होतं, "नापास झालीस तर शिक्षण पुरे, स्थळं बघायला घेतो." अठरा वर्षांची होते मी. हातातला खडू घामानं ओला.

दुष्काळाचं साल होतं ते. शाळा पारनेर तालुक्यातली आणि मी देवळाली प्रवऱ्याकडची, पाटपाण्यावर वाढलेली. बाकीच्या मुली भागाकाराला चिंचोके न्यायच्या. पण मला मेलीला मिरवायचं होतं ना! मी घरून भाजलेले शेंगदाणे आणले. त्या पोरांच्या घरी चूल तरी पेटतेय का, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तीन मुलींना पुढं बोलावलं. बारा दाणे तिघींत सारखे वाटले आणि पाठाच्या टाचणात लिहिल्याप्रमाणे विचारलं, "मोजा बरं, प्रत्येकीकडे किती आले?"

"चार," पहिली म्हणाली.

"चार," दुसरी म्हणाली.

तिसरी, ठिगळाच्या परकरातली, खाली मान घालून म्हणाली, "तीन."

मागं सरांचं पेन थांबलं. मी तिला परत मोजायला लावलं, तर आता दोनच! मी तिचा दंड धरून ओरडले, "कुठं गेले? तोंड उघड!"

"म्या न्हाई खाल्लं, बाई."

तोंड उघडलं तर जिभेवर अर्धा चावलेला दाणा. वर्ग फिदीफिदी हसला आणि मी तिच्या थोबाडीत ठेवून दिली. खरं सांगते, त्या पोरीचा राग नव्हताच आला मला. सर वहीत काय लिहितायत, एवढीच भीती होती. वर्ग चिडीचूप झाला. मी तिला जागेवर बसवलं, तिच्या जागी वेगळ्या मुलीला उभं केलं, नवे दाणे वाटले आणि उरलेला पाठ धडाधड उरकला.

सरांनी शेरा दिला, 'वर्गावर ताबा उत्तम.' पास झाले मी! पाण्याच्या हौदामागं जाऊन आनंदानं रडले.

दुसऱ्या दिवशी शाळेत दुष्काळातली सरकारी सुकडी, पोरांना वाटायचं भाजकं गोड पीठ, आली. वाटायला मीच बसले होते. रांग सरकत सरकत ती पोर माझ्यासमोर आली. मी मूठ भरून हात पुढं केला, पण तिनं वाटी पुढं केलीच नाही. आधी माझ्याकडं बघत, कुणी न सांगता, तिनं आ करून तोंड उघडून दाखवलं. मग वाटी धरली. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.