इन्शिराहचा खालचा खण

शेतकी महाविद्यालयाच्या विद्यार्थी विभागात इन्शिराहच्या टेबलाला तीन खण होते. वरच्यात शिक्के, मधल्यात घरून आणलेली भाकरी नि खारं चीज. खालच्या खणात कुठल्याच नियमात न बसणारी गोष्ट असायची.

मिसरात शिकणाऱ्या पोराची लष्करातली सक्तीची सेवा पुढे ढकलली जाते. पोरगा एकाच वर्षात दोनदा नापास होऊन कॉलेजातून कमी झाला की ती सवलत संपते. मग इन्शिराहने पत्र टाइप करायचं आणि शिपाई अब्देल-तव्वाबने ते नाईलवरचा पूल ओलांडून भरतीच्या कचेरीत नेऊन द्यायचं, तेही निकालाच्या दिवशीच. पण निकालानंतर काही आठवड्यांनी प्राध्यापकांची बैठक बसायची, ग्रेसचे मार्क द्यायला. दोन-तीन मार्कांनी बुडालेली पोरं तिथे तरायची. पत्र आधीच गेलेलं असलं, तर तरलेलं पोरही बराकीत.

म्हणून पत्रं बैठकीपर्यंत खालच्या खणात पडून राहायची. तव्वाब तिला अब्ला, म्हणजे ताई, म्हणायचा; ती त्याला अम्म, म्हणजे काका. तो दारात उभा राहून विचारायचा, "अब्ला, नेऊ की मुरू देता?"

"मुरू दे, अम्म तव्वाब. सलगमच्या लोणच्यालासुद्धा वेळ लागतो."

कचेरीला पत्रं उशिरा मिळायची. सरकारी कागद उशिराच येतो, त्याचं कुणाला काय वाटणार?

सगळं कामकाज संगणकावर नेणारं पोर्टल येणार म्हटल्यावर विभागातल्या सगळ्यांची तोंडं वाकडी झाली, इन्शिराहची नाही. साध्या दाखल्यासाठी खेड्यातून आलेल्या आया जिन्यात बसून घामाघूम झालेल्या तिने आयुष्यभर पाहिल्या होत्या. तिने लग्न केलं नव्हतं. घरी आजारी आई आणि इथे धुळकट फाइली, एवढाच तिचा संसार. ती हौसेने शिकली. शेजारची करीमान माउस पालीसारखा दोन बोटांत धरायची, तेव्हा इन्शिराह म्हणायची, "चावत नाही गं तो. पगार घेताना बघ कसा हात चालतो तुझा."

पोर्टल बनवणारा रामेझ भला पोरगा होता. तो तिच्यासमोर लॅपटॉप उघडून बसला. बाजूला उपप्राचार्य होते.

"एकही पायरी गाळू नका, अब्ला. पोरगा नापास झाला. मग?"

"मग पत्र."

"किती दिवसांनी?"

इन्शिराहचा पाय खालच्या खणाला लागला. उपप्राचार्य चहात साखर ढवळत होते.

"नियमाप्रमाणे," ती म्हणाली. "त्याच दिवशी."

रामेझने तसं टिपून घेतलं. तव्वाब ग्लास उचलत होता. सगळे गेल्यावर तो म्हणाला, "खणाचं सांगितलं नाहीत."

"कसं सांगू? साहेब बसले होते. माझी नोकरी जाईल, तुझीही जाईल."

"तेही खरंच."

"आणि पत्र छापणार मीच ना? छापीन तेव्हा छापीन. तू हिलालला तेवढं अभ्यासाला बसव."

हिलाल तव्वाबचा धाकटा. याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, तेही दुसऱ्यांदा. पोरगा आळशी नव्हता. पहाटे भाजी मंडईत गोण्या उचलून मग वर्गात यायचा आणि मागच्या बाकावर झोपायचा.

उन्हाळ्यात पहिला निकाल पोर्टलवर चढला. मृदारसायनात हिलाल तीन मार्कांनी गेला होता. इन्शिराहला काळजी वाटली नाही. तीन मार्क म्हणजे बैठकीत हातचा मळ. तिने यादी दोनदा तपासली, 'मंजूर' वर क्लिक केलं आणि पत्रं छापायचं पान शोधू लागली. ते सापडेना. शेवटी तिने रामेझला फोन लावला.

"छापायचं नाही, अब्ला. तुम्ही मंजूर केलंत तेव्हाच गेलं," तो आनंदाने म्हणाला. "थेट कचेरीच्या यंत्रणेत. आता कुणाला पूल ओलांडायला नको."

"परत बोलावता येतं?"

"कुठल्या नियमाने?"

तिने फोन ठेवला. ती उठून उपप्राचार्यांकडे गेली, खणासकट सगळं सांगितलं. त्यांनी दार लोटून घेतलं. "हे मी ऐकलं नाही, इन्शिराह. निवृत्तीला आलीस, नीट निवृत्त हो."

त्याच आठवड्यात पुलावरच्या नाक्यावर मायक्रोबस अडवली. हवालदाराने हिलालचं ओळखपत्र यंत्रात घातलं आणि त्याला खाली उतरवलं. गोणीभर वांगी गाडीतच राहिली.

बैठक झाली. हिलालला तीन मार्क मिळाले. पडद्यावर त्याचं नाव हिरवं झालं : तिसऱ्या वर्षात प्रवेश. तव्वाब त्याची प्रत घेऊन भरती कचेरीत गेला. तिथे म्हणाले, गणवेश चढला, आता सेवा संपवूनच येईल.

तव्वाब तिचा चहा आणत राहिला. कधी तिने विचारलं तर एवढंच म्हणायचा, "वाळवंटात रात्री थंडी असते म्हणतो. घोंगडी पाठवली."

पत्र नेण्याचं काम गेल्यावर त्याच्याकडे चहाच उरला होता.

हिवाळा सरता सरता वाळवंटातल्या रस्त्यावर जवानांचा ट्रक उलटला. हिलाल त्यात होता. तीन दिवसांच्या शोकबैठकीत इन्शिराह बायकांत बसली. तव्वाबच्या बायकोने तिला रिवाजाप्रमाणे बिनसाखरेची कॉफी दिली. ओठ भाजत असतानाही तिने ती खाली ठेवली नाही.

पुढच्या आठवड्यात तव्वाब कामावर आला. त्याने तिच्यापुढे आधी मोबाईल ठेवला, मग एक घडी घातलेला कागद.

"रोज येतो हा मेसेज, अब्ला. आपला पाल्य आज वर्गात गैरहजर होता. त्याची आई वाचते. बंद होईल का?"

पोर्टल आपण होऊन पालकांना कळवायचं. इन्शिराहनेच ते करून घेतलं होतं.

"नाव काढावं लागेल," ती म्हणाली. "मृत्यूचा दाखला लागेल."

"आणलाय."

तिने हिलालचं पान उघडलं. फोटोत त्याचे केस ओले करून विंचरलेले होते. तिने कागद यंत्राखाली धरला.

"अम्म तव्वाब, मला वाटलं होतं पत्र माझ्याच हातात राहील."

"माहीत आहे."

"वाटलं तर आज नको. राहू दे काही दिवस."

"नको," तो म्हणाला. "ती रोज वाचते."

तिने क्लिक केलं. तिचा हात माउसवरून निघाला नव्हता, तोच टेबलावरचा त्याचा मोबाईल मेसेज येऊन वाजला. तव्वाबने तो उचलला नाही.

"गेलं?"

"गेलं."

"लगेच जातं," तव्वाब म्हणाला आणि तिचा रिकामा ग्लास उचलून निघाला.